चायनीज गाडी (मुंबई)

चायनीज गाडी म्हणजे मुंबई व तिच्या परिसरातील शहरांत रस्त्याच्या कडेला, हातगाडीवर किंवा लहानशा गाळ्यात भारतीय चिनी पद्धतीचे पदार्थ तयार करून विकणारे छोटे खाद्यकेंद्र होय. फ्राइड राईस, हक्का नूडल्स, मंचुरियन, ट्रिपल शेझवान राईस, चायनीज भेळ, चिकन लॉलीपॉप आणि मांचाव सूप हे तेथील प्रमुख पदार्थ होत. ग्राहकासमोर काही मिनिटांत तयार होणारे, पोट भरणारे आणि उपाहारगृहाच्या तुलनेने स्वस्त असे हे खाद्य आहे. कारखान्यांतील व कार्यालयांतील कर्मचारी, विद्यार्थी, रिक्षाचालक, कुरिअर पोहोचविणारे तरुण आणि शहरात एकटे राहणारे कामगार यांचे ते दुपारचे किंवा रात्रीचे नेहमीचे जेवण बनले आहे. यातील मोठा भाग जागेवर न खाता बांधून नेला जातो. त्यास मुंबईच्या बोलीत 'पार्सल' म्हणतात.

हे खाद्य नावाने चिनी असले तरी त्याची जडणघडण प्रामुख्याने कोलकाता आणि मुंबई या दोन शहरांत झाली आहे. खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासात त्याचा विचार 'भारतीय चिनी खाद्यपद्धती' या स्वतंत्र शीर्षकाखाली केला जातो.

नाव आणि लेखनभेद

मराठीत चीनशी संबंधित या अर्थी 'चिनी' हे विशेषण रूढ आहे. चिनी माती, चिनी रेशीम, चिनी प्रवासी असे शब्दप्रयोग जुन्या मराठीतही आढळतात. या खाद्यपदार्थांना मात्र 'चिनी' असे कोणी म्हणत नाही, त्यांना 'चायनीज' असेच म्हणतात. बोलण्यात हा शब्द विशेषण न राहता नाम म्हणून वापरला जातो. 'आज चायनीज खाऊ' या वाक्यात त्याचा अर्थ देशाशी निगडित नसून एका ठरावीक चवीशी आणि पदार्थसमूहाशी निगडित असतो. एकाच मूळ शब्दाची दोन रूपे भाषेत शेजारी नांदावीत आणि त्यांनी अर्थाची वाटणी करून घ्यावी, याचे हे चांगले उदाहरण आहे.

गाड्यांवरील फलकांत लेखनाची विविधता दिसते. चायनीज, चायनिज, चाईनीज, शेझवान, शेजवान, मंचुरियन, मंच्युरियन, नूडल्स, नुडल्स अशी रूपे एकाच गल्लीत वाचावयास मिळतात. हे शब्द छापील पुस्तकांतून न येता कानावाटे आल्यामुळे त्यांचे लेखन अद्याप स्थिरावलेले नाही.

पदार्थांच्या नावांचा उगमही पाहण्याजोगा आहे:

'हक्का' हे दक्षिण चीनमधील एका भाषिक समाजाचे नाव असून त्याचा शब्दशः अर्थ 'पाहुणी कुटुंबे' असा होतो. कोलकात्यात स्थायिक झालेल्या चिनी लोकांत या समाजाचे प्रमाण मोठे होते.

'शेझवान' हे सिचुआन या चिनी प्रांताच्या नावाच्या जुन्या रोमन लेखनावरून आलेले रूप आहे.

'मंचुरियन' हा शब्द ईशान्य चीनच्या मांचुरिया या ऐतिहासिक नावावरून घेतलेला आहे. या पदार्थाचा त्या प्रदेशाच्या पाककृतींशी संबंध नाही. 'मांचाव' सुपाचीही तीच गोष्ट आहे.

'अमेरिकन चॉप्सी' या पदार्थाचे मूळ अमेरिकेतील चिनी स्थलांतरितांच्या उपाहारगृहांत आहे.

इतिहास

कोलकात्याची पार्श्वभूमी

भारतातील चिनी वसाहतीचा आरंभ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगालमध्ये झाला. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात टाँग अच्यू या चिनी व्यापाऱ्यास कोलकात्यानजीक जमीन मिळाली आणि त्याने तेथे साखरेचा कारखाना काढला. ते ठिकाण आज अचिपूर या नावाने ओळखले जाते. पुढे कोलकात्यातील तिरेट्टा बाजार आणि टांगरा या भागांत चिनी वस्त्या वाढल्या. हक्का समाजाने टांगरा येथे कातडी कमावण्याचा व्यवसाय उभारला. १९९० च्या दशकात प्रदूषणाच्या कारणावरून हे कारखाने शहराबाहेर हलविण्याचा आदेश न्यायालयाने दिला. त्यानंतर टांगऱ्यातील अनेक कुटुंबांचा भर उपाहारगृहांवर आला. स्थानिक ग्राहकांच्या आवडीनुसार मिरची, आले, लसूण आणि दाट रस यांची भर घालण्याची रीत या शहरात रुजली.

मुंबईतील चिनी समाज

मुंबईतील चिनी समाज कोलकात्याच्या मानाने लहान होता. बंदराच्या आश्रयाने आलेले खलाशी, व्यापारी, रेशीम विकणारे फेरीवाले, दंतवैद्य, चर्मकाम करणारे कारागीर आणि केशभूषेचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रिया यांचा त्यात समावेश होता. माझगाव आणि कामाठीपुऱ्यातील शुक्लाजी स्ट्रीट या भागांत त्यांची वस्ती होती. माझगाव येथे १९१९ साली बांधलेले सी यिप कून हे चिनी मंदिर आजही उभे आहे.

१९६२ च्या भारत-चीन युद्धाने या समाजाची घडी विसकटली. चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. अनेक कुटुंबांनी पुढे देश सोडला. जे राहिले त्यांच्यापैकी कित्येकांनी उपाहारगृहे व केशभूषागृहे चालवून निर्वाह केला. एका पिढीवर संशयाची छाया पडली, आणि त्याच समाजाने घडविलेले अन्न पुढील पिढीत देशभर आवडीचे झाले. हा विरोधाभास या खाद्यपद्धतीच्या इतिहासात विसरता येण्याजोगा नाही.

उपाहारगृहातून रस्त्यावर

दक्षिण मुंबईत नानकिंग, कामलिंग यांसारखी चिनी उपाहारगृहे होती. त्यांचा ग्राहक प्रामुख्याने उच्च व उच्च मध्यम वर्गातील होता. १९७० च्या दशकात ताज महाल हॉटेलातील 'गोल्डन ड्रॅगन' या उपाहारगृहाने सिचुआन पद्धतीचे तिखट पदार्थ शहरात आणले. याच दशकात कोलकात्याहून मुंबईस आलेले नेल्सन वाँग हे क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये पाककाम करीत होते. १९७५ च्या सुमारास त्यांनी कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून तळलेले कोंबडीचे तुकडे आले, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉस यांच्या रसात शिजविले. 'चिकन मंचुरियन' या पदार्थाचे श्रेय सामान्यतः त्यांस दिले जाते. त्यांनी पुढे 'चायना गार्डन' हे उपाहारगृह काढले. कोंबडीच्या जागी फ्लॉवर, कोबी किंवा पनीर घालून केलेले शाकाहारी प्रकार लवकरच प्रचारात आले आणि पदार्थाचा ग्राहकवर्ग कित्येक पटींनी वाढला.

१९८० च्या दशकाच्या आरंभी झटपट नूडल्सची पाकिटे बाजारात आली आणि शेवयांसारखा पण वेगळ्या चवीचा हा पदार्थ घरोघरी ओळखीचा झाला. त्यानंतर हातगाड्यांवरील चायनीजचा प्रसार झपाट्याने झाला. हातगाडीसाठी लागणारे भांडवल थोडे होते, पदार्थ शिकण्यास दीर्घ उमेदवारीची गरज नव्हती, आणि सोया सॉस, मिरची सॉस, व्हिनेगर हे साहित्य देशातच स्वस्तात तयार होऊ लागले होते. लाल रंगाने रंगविलेली, ड्रॅगनचे चित्र काढलेली आणि कागदी कंदील टांगलेली गाडी उपनगरी रेल्वे स्थानकांबाहेर नेहमीची झाली. या गाड्यांवरील स्वयंपाकी स्थानिक मराठी तरुण असतात, तसेच नेपाळ, दार्जिलिंगचा परिसर, ईशान्य भारत आणि उत्तर भारतातून आलेले असतात.

साहित्य आणि कृती

गाडीची रचना

गाडीवर एक किंवा दोन मोठ्या दाबाचे गॅस बर्नर, खोलगट लोखंडी कढई, लांब दांड्याची पळी, गाळण्याचा झारा आणि उकळते पाणी वा सूप असलेले एक पातेले असते. कढईच्या भोवती चिरलेल्या भाज्यांची भांडी, शिजवून ठेवलेला भात, उकडून तेल लावलेल्या नूडल्स आणि तळून ठेवलेले मंचुरियनचे गोळे हाताच्या अंतरावर मांडलेले असतात. सोया सॉस, लाल मिरची सॉस, हिरवी मिरची सॉस आणि व्हिनेगर या चार बाटल्या प्रत्येक गाडीवर दिसतात. मीठ, पांढऱ्या मिरीची पूड आणि अजिनोमोटो हे पळीच्या टोकाने उचलून घातले जातात. पळी हेच माप, तेच ढवळण्याचे साधन आणि तेच वाढण्याचे साधन असते.

भात

फ्राइड राईससाठी भात आधी शिजवून, निथळून आणि पसरून गार केला जातो. ताज्या गरम भातातील पिष्ट मऊ व चिकट असते. भात गार होताना हे पिष्ट पुन्हा घट्ट होते आणि दाणे एकमेकांपासून सुटे राहतात. म्हणून गार भात मोठ्या आचेवर परतला असता त्याचा गोळा होत नाही. कढई अत्यंत तापलेली असल्यामुळे भाज्यांतील पाणी क्षणात उडून जाते, त्या शिजतात पण कुरकुरीत राहतात, आणि पदार्थाला किंचित धुरकट वास येतो. घरच्या शेगडीवर हा वास सहसा येत नाही, कारण तिची आच तितकी प्रखर नसते.

शेझवान सॉस

मुंबईच्या शेझवान सॉसमध्ये भिजवून वाटलेल्या सुक्या लाल मिरच्या, भरपूर लसूण, आले, तेल, व्हिनेगर आणि साखर असते. सिचुआन प्रांताच्या स्वयंपाकाची ओळख असलेली, जिभेला मुंग्या आणणारी सिचुआन मिरी त्यात सहसा नसते. विशेष असे की या मिरीचे जवळचे भावंड महाराष्ट्रातच आहे. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत घातले जाणारे तिरफळ त्याच वनस्पतिवंशातील आहे. तथापि शेझवान सॉसमध्ये तिरफळाचा शिरकाव झालेला नाही.

प्रमुख पदार्थ

फ्राइड राईस: कोबी, गाजर, फरसबी, ढोबळी मिरची आणि कांद्याची पात घालून परतलेला भात. अंडे किंवा कोंबडी घालून त्याचे प्रकार केले जातात.

हक्का नूडल्स: उकडलेल्या नूडल्स याच भाज्यांसह परतून करतात.

मंचुरियन: किसलेली कोबी व गाजर, मैदा आणि कॉर्नफ्लोअर यांचे तळलेले गोळे. 'ड्राय' प्रकारात ते सॉसमध्ये परततात, तर 'ग्रेव्ही' प्रकारात पाण्यात कालवलेल्या कॉर्नफ्लोअरने दाट केलेल्या रसात सोडतात.

ट्रिपल शेझवान राईस: शेझवान भात, नूडल्स आणि मंचुरियनची ग्रेव्ही यांचा संयोग, वर तळलेल्या नूडल्स. एकाच थाळीत तीन पदार्थ येत असल्याने भूक मोठी असलेल्या ग्राहकांची त्यास पसंती असते.

चायनीज भेळ: तळलेल्या कुरकुरीत नूडल्समध्ये चिरलेली कोबी, कांदा, ढोबळी मिरची व सॉस मिसळून केलेला प्रकार. कुरमुऱ्यांच्या भेळीची रीत येथे नव्या साहित्याला लागू केलेली दिसते. ती लगेच खावी लागते, अन्यथा नूडल्स मऊ पडतात.

चिकन लॉलीपॉप: कोंबडीच्या पंखाचे मांस हाडाच्या एका टोकाकडे सरकवून, मसाला लावून तळलेला पदार्थ.

मांचाव सूप: आले-लसूण व सोया सॉस घातलेले दाट, गडद रंगाचे सूप, वर तळलेल्या नूडल्स.

कांदा, लसूण व आले न घालता केलेले 'जैन चायनीज' अनेक ठिकाणी मिळते. शेझवान डोसा, शेझवान वडापाव आणि चायनीज फ्रँकी हे या चवीचे अन्य पदार्थांशी झालेले संकर होत.

दुपारचे जेवण आणि पार्सल

मुंबईत घराबाहेर दुपारचे जेवण घेण्याच्या अनेक रीती आहेत. डबेवाल्यांमार्फत येणारा घरचा डबा, खाणावळीतील थाळी, उडपी उपाहारगृहातील राईस प्लेट आणि वडापाव या त्यांपैकी प्रमुख होत. राज्य शासनानेही स्वस्त जेवणाच्या योजना राबविल्या. १९९५ नंतरची एक रुपयात झुणका-भाकर आणि २६ जानेवारी २०२० पासूनची दहा रुपयांची शिवभोजन थाळी ही त्यांची उदाहरणे आहेत. चायनीज गाडीला असा कोणताही आधार नसताना तिने या स्पर्धेत आपले स्थान निर्माण केले. बहुतेक गाड्या सायंकाळी लागतात. मात्र कार्यालयांच्या व औद्योगिक वसाहतींच्या परिसरात आणि महाविद्यालयांजवळच्या खाऊगल्ल्यांत दुपारीही त्यांच्याभोवती गर्दी असते.

हे जेवण स्वस्त पडण्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतात. कोबी ही वर्षभर मिळणारी, टिकाऊ आणि चिरल्यावर आकाराने वाढणारी भाजी पदार्थाचा मोठा भाग व्यापते. भात, नूडल्स, चार-पाच भाज्या आणि चार सॉस एवढ्याच साहित्यातून तीस-चाळीस पदार्थांची यादी तयार होते, त्यामुळे न खपलेला माल वाया जाण्याचे प्रमाण कमी राहते. सॉस पुष्कळ दिवस टिकतात. एक पदार्थ होण्यास दोन-तीन मिनिटे लागतात, म्हणून एकाच कढईवर तासाभरात अनेक ग्राहकांची मागणी पुरी होते. बसण्याच्या जागेचे भाडे नसते.

'हाफ' आणि 'फुल' ही विभागणीही महत्त्वाची आहे. अर्धी प्लेट एका माणसाच्या दुपारच्या भुकेस पुरते, आणि पूर्ण प्लेट दोघांत वाटून घेण्याची पद्धत विद्यार्थ्यांत सर्रास आढळते. २०२० च्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या बहुतेक भागांत गाडीवरील शाकाहारी फ्राइड राईसची अर्धी प्लेट शंभर रुपयांच्या आत मिळत असे.

पार्सलच्या वेष्टनात कालांतराने बदल झाला. पूर्वी भात वर्तमानपत्रात आणि रस्सा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिला जाई. छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून वर्तमानपत्रात अन्न बांधू नये, अशी सूचना भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ साली दिली. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. आता ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे व जाड प्लास्टिकचे डबे वापरले जातात. तरीही गरम रस्सा पिशवीत देण्याची प्रथा पूर्णपणे थांबलेली नाही.

आहारमूल्य आणि आरोग्य

पोषणदृष्ट्या

चायनीज गाडीवरील शाकाहारी जेवणात पिष्टमय पदार्थ आणि तेल यांचे प्रमाण मोठे असते. राईस प्लेटमध्ये वरण, उसळ किंवा ताक यांतून मिळणारी प्रथिने येथे नसतात. अंडे, कोंबडी, पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या घातलेले प्रकार त्या दृष्टीने सरस ठरतात. मिठाचे प्रमाण हा दुसरा मुद्दा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. सोया सॉस, मिरची सॉस, अजिनोमोटो आणि वरून घातलेले मीठ या सर्वांतून सोडियम मिळत असल्याने ही मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. अधूनमधून खाणाऱ्यापेक्षा रोज हेच जेवण घेणाऱ्या कामगाराच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी अधिक विचारात घ्यावयास हव्यात.

अजिनोमोटो

अजिनोमोटो हे मुळात एका जपानी कंपनीचे व्यापारनाम असून पदार्थाचे रासायनिक नाव मोनोसोडियम ग्लुटामेट असे आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री वनस्पतीच्या अर्कातील रुचीचे कारण ग्लुटामेट असल्याचे दाखवून दिले. टोमॅटो, मुरलेले चीज आणि सोया सॉस यांत ग्लुटामेट नैसर्गिक रीतीने असते. १९६८ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पत्रानंतर हा पदार्थ डोकेदुखी व अस्वस्थता निर्माण करतो असा समज जगभर पसरला. पुढील काळातील नियंत्रित चाचण्यांत सामान्य मात्रेत असा परिणाम सातत्याने आढळला नाही. एक वर्षाखालील बालकांसाठी मात्र तो योग्य मानला जात नाही.

शिळ्या भाताचा धोका

अजिनोमोटोची चर्चा पुष्कळ होते, परंतु वास्तविक धोका भाताच्या साठवणुकीत असतो. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळत्या पाण्यातही तग धरतात. शिजविलेला भात तासन् तास कोमट स्थितीत राहिल्यास हे बीजाणू रुजतात, जिवाणू वाढतात आणि वांती करविणारे विष तयार करतात. हे विष उष्णतेने नष्ट होत नाही. म्हणून भात नंतर कितीही प्रखर आचेवर परतला तरी तो निर्धोक होत नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये चिनी उपाहारगृहांतील फ्राइड राईसमुळे अशा विषबाधा झाल्याचे प्रथम लक्षात आले.

यावरील उपाय साधा आहे. भात लागेल तेवढाच शिजवावा, उथळ भांड्यात पसरून लवकर गार करावा आणि थंड जागी ठेवावा. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात, शीतपेटीची सोय नसलेल्या गाडीवर हा नियम पाळणे अवघड असते. दुपारी शिजविलेला भात रात्री उशिरापर्यंत उघड्यावर राहणे ही खरी काळजीची बाब आहे. ग्राहकानेही पार्सल आणल्यावर ते लवकर खाणे आणि उरल्यास लगेच शीतकपाटात ठेवणे श्रेयस्कर असते.

रंग

मंचुरियनचा तांबडा रंग मूळ पद्धतीत लाल मिरच्यांपासून येतो. खर्च वाचविण्यासाठी काही विक्रेते कृत्रिम रंग वापरतात. भारतात निवडक कृत्रिम रंगांना ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक मर्यादेतच परवानगी आहे. कर्नाटक शासनाने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यास बंदी घातली. गोव्यातही हा पदार्थ वादाचा विषय झाला. २०२२ साली वास्को येथील श्री दामोदर सप्ताहाच्या जत्रेत गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर निर्बंध आले आणि २०२४ च्या आरंभी म्हापसा नगरपालिकेने त्याच्या विक्रीस मनाई केली. कृत्रिम रंग व निकृष्ट सॉस यांचा वापर आणि अस्वच्छता ही त्यामागील कारणे सांगण्यात आली.

कायदा आणि उपजीविका

चायनीज गाडीचा विक्रेता कायद्याच्या दृष्टीने एकाच वेळी फेरीवाला आणि अन्नव्यावसायिक असतो. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये अत्यंत लहान विक्रेत्यासही नोंदणी करावी लागते. व्यवसायासाठी घरगुती गॅस सिलिंडर वापरता येत नाही. १९ किलोग्रॅमचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो, आणि त्यामुळे खर्च वाढतो. गर्दीच्या ठिकाणी सिलिंडर व उघडी ज्योत यांचा धोका खराच आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये कुर्ला येथील एका उपाहारगृहाला लागलेल्या आगीत आठ जण मृत्युमुखी पडले. रस्त्यावर अन्न शिजविणाऱ्या विक्रेत्यांवर मुंबई महानगरपालिका वेळोवेळी कारवाई करते व साहित्य जप्त करते.

दुसऱ्या बाजूस विक्रेत्यांच्या हक्कांचाही विकास झाला आहे. ओल्गा टेलिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. हे प्रकरण मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या लोकांविषयीचे होते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती नेमणे, विक्रेत्यांचे सर्वेक्षण करणे आणि त्यांस विक्री प्रमाणपत्र देणे बंधनकारक केले. समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावेत, अशी तरतूद त्यात आहे. मुंबईत या कायद्याची अंमलबजावणी दीर्घकाळ रेंगाळली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीनंतर रेल्वे स्थानकांपासून १५० मीटरच्या आत विक्रीस मनाई करण्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने कायम ठेवला. जेथे ग्राहक सर्वाधिक तेथेच व्यवसाय करता येत नाही, अशी स्थिती त्यामुळे निर्माण झाली.

प्रमाणपत्र नसलेल्या विक्रेत्यास जागेची शाश्वती नसते, आणि जागेची शाश्वती नसल्यामुळे स्वच्छ पाणी, शीतपेटी व सांडपाण्याची व्यवस्था यांवर तो पैसा खर्च करीत नाही. याप्रमाणे स्वच्छतेचा प्रश्न आणि परवान्याचा प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत. ठरवून दिलेली जागा, नळाचे पाणी आणि नियमित तपासणी यांची सोय झाल्यास ग्राहकाचे आरोग्य आणि विक्रेत्याचा रोजगार या दोहोंचे रक्षण होऊ शकते.

मार्च २०२० मधील टाळेबंदीत गाड्या बंद पडल्या. त्याच वर्षी केंद्र शासनाने पथविक्रेत्यांसाठी पीएम स्वनिधी योजना सुरू केली. तिच्यात पहिल्या टप्प्यात दहा हजार रुपयांपर्यंतचे विनातारण कर्ज देण्याची तरतूद होती.

सामाजिक स्थान

जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यातील चकमकीनंतर चिनी वस्तूंवरील बहिष्काराची मागणी झाली. त्या वेळी केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी चिनी खाद्यपदार्थ विकणाऱ्या उपाहारगृहांवर बंदी घालावी, असे मत व्यक्त केले. या पदार्थांचे साहित्य, स्वयंपाकी आणि मालक बहुतांशी भारतीयच असल्याने अशा बंदीचा भार भारतीय विक्रेत्यांवरच पडला असता, हा मुद्दा या चर्चेत पुढे आला. ईशान्य भारतातून आलेल्या स्वयंपाक्यांस चेहऱ्यावरून 'चायनीज' म्हणून हिणविण्याचे प्रकारही घडतात. खाद्यपदार्थास प्रेमाने दिलेले नाव माणसास मात्र अपमानकारक ठरते.

चायनीज आता केवळ रस्त्यावरचे खाद्य राहिलेले नाही. शेझवान चटणीच्या बाटल्या किराणा दुकानांत मिळतात. 'चिंग्ज सीक्रेट' या नावाने असे पदार्थ विकणारी कॅपिटल फूड्स ही कंपनी २०२४ साली टाटा कंझ्युमर प्रॉडक्ट्सने विकत घेतली. मराठी घरांतील वाढदिवस, लग्नसमारंभातील भोजन आणि शाळेचा डबा यांत मंचुरियन व फ्राइड राईस यांस स्थान मिळाले आहे. बटाटा, मिरची, टोमॅटो आणि पाव हे सारे एके काळी बाहेरून आलेले पदार्थ होते. त्यांच्याप्रमाणेच चायनीजही मुंबईच्या नित्याच्या आहारात मिसळून गेले आहे.

हेही पाहा

भारतीय चिनी खाद्यपद्धती
मंचुरियन
वडापाव
मुंबईचे डबेवाले
शिवभोजन थाळी
तिरफळ